अडकलेली रेस आणि जनूभाऊचा पाय

"मेस्त्री, मी काही केलं नाही, गाडी आपोआप पळायला लागली!"

हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा आमच्या मंडळींनी मला जेवायलाही बोलावलं नसेल. रेवदंड्याहून चौलकडे जाताना डाव्या हाताला एका चिंचेखाली माझं गॅरेज होतं. होतं म्हणायचं, कारण आता तिथे शहाळी आणि मोबाइलची कव्हरं मिळतात. गुडघे बोलायला लागले आणि गाड्यांमध्ये कॉम्प्युटर शिरले, या दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या, म्हणून मी मुकाट्याने पाने गुंडाळून ठेवले. पण तोपर्यंत या पट्ट्यातल्या जुन्या जीपा, टेम्पो आणि मोटारी माझ्याच हाताखालून गेल्या. त्यांची नाडी मला समजत होती, असा माझा समज होता. त्या समजाला एकदा चांगलाच धक्का बसला, तेच सांगायला बसलोय. पण आधी धंद्याची थोडी ओळख करून देतो, नाहीतर वाचणारा म्हणेल, मेस्त्री एकटाच बडबडतोय.

सायकलचा ब्रेक सगळ्यांनी पाहिलाय. मूठ दाबली की तार ओढली जाते, सोडली की परत जाते. जुन्या गाडीत एक्सलेटरचा खेळ तोच. पायाखाली पेडल, पेडलला तार, आणि ती तार एका नळीतून थेट इंजिनापर्यंत गेलेली. पाय दाबला की इंजिनाला जास्त खाऊ मिळतो आणि गाडी पळते. पाय उचलला की तिकडची स्प्रिंग तार परत खेचते. आता ही तार जर नळीत अडकली, तर तुम्ही पाय उचलून मांडी घालून बसलात तरी इंजिनाला वाटतं, मालकाचा पाय अजून आहे, पळा! याला आम्ही रेस अडकणं म्हणतो. पुण्याच्या गाडीत ही तार गाडीबरोबर म्हातारी होते. आमच्याकडे खारं वारं तिला दोन पावसाळ्यांत गंजवून टाकतं. त्यामुळे या एका दुखण्यात माझा हात जितका बसला होता, तितका कुणाचा नसेल, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

आता दर वेळी दोष तारेचाच असतो असं नाही. एकदा म्हसळ्याचे एक सुपारीचे व्यापारी घामाघूम होऊन आले. गाडी जुनी, डिकीत पोती, मागच्या सीटवर पोती, पुढे पायाशीसुद्धा एक पोतं. उतारावर रेस अडकली आणि रस्त्याकडेच्या मातीच्या ढिगाऱ्याने वाचवलं म्हणाले. मी बॉनेट उघडलं, तार पाहिली, स्प्रिंग पाहिली, सगळं ठणठणीत. मग आडवा होऊन पेडलच्या मागे हात घातला, तर सांध्यात एक रोठा सुपारी अशी घट्ट बसलेली, की जणू कारखान्यातूनच बसवून दिलीय. काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. मला वाटलं, देवाला हात जोडतील. त्यांनी ती सुपारी उजेडात धरून फिरवून पाहिली, "दाणा मात्र पहिल्या प्रतीचा आहे" म्हणाले आणि खिशातून अडकित्ता काढला. अर्धी त्यांनी खाल्ली, अर्धी मी.

दुसरे एक मुंबईचे बंगलेवाले. त्यांनी वडिलांची जुनी मोटार हौसेने चकचकीत करून घेतली आणि ड्रायव्हरच्या पायाखाली काथ्याचं जाडजूड पायपुसणं अंथरलं. त्यावर लाल अक्षरांत 'सुस्वागतम'. ते सरकून पेडलवर चढायचं आणि रेस दाबून धरायचं. मी म्हटलं, साहेब, हे दाराबाहेर टाका, इथे यमराजाचं स्वागत होईल. त्यांना राग आला. पण पायपुसणं त्यांनी काढलं.

रेस अडकली तर करायचं काय, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाकडून घोकून घेत असे. पहिलं, घाबरायचं नाही. हे सांगणं सोपं असतं. दुसरं, गाडी न्यूट्रल करायची. इंजिन बोंबलेल, बोंबलू द्यायचं, त्याचा आणि चाकांचा संबंध तुटलेला असतो. तिसरं, ब्रेक एकदाच दाबायचा आणि दाबून धरायचा, भाता मारल्यासारखा हापसायचा नाही. आणि गाडी कडेला थांबल्याशिवाय चावी पूर्ण फिरवायची नाही, नाहीतर काही गाड्यांचं स्टेअरिंग तिथेच कुलूपबंद होतं. चालत्या गाडीत खाली वाकून पेडल हाताने उचलणारे महाभागही मी पाहिलेत. त्यांतल्या एकाची गाडी तळ्यातून काढायला मला दोर घेऊन जावं लागलं होतं.

हे सगळं ज्याला एकदाच सांगितलं आणि ज्याने कायमचं ध्यानात ठेवलं, असा माणूस म्हणजे जनूभाऊ. आता त्याच्याकडेच येतो.

जनूभाऊ आणि मी एका वयाचे, पण त्याला सगळं गाव भाऊ म्हणे म्हणून मीही भाऊच म्हणायचो. घरामागे लहानशी वाडी, नारळाची पंधरावीस झाडं, आणि दारात एक जुनी जीप. या जीपमधून तो रोज पहाटे रेवदंड्याच्या बंदरावरून मासळीवाल्या बायकांना त्यांच्या पाट्यांसकट अलिबागच्या बाजारात न्यायचा. रिक्षावाले पाट्यांच्या वासाने नाकं मुरडायचे, एसटीचा कंडक्टर पाण्याच्या थेंबांवरून भांडायचा. जनूभाऊ मात्र जीपच्या मागे ताडपत्री अंथरून ठेवी आणि दुपारी स्वतः धुई. वीसेक वर्षं हा क्रम चालला होता. बायकांची पुढारी हौसाबाई. तिला पुढची सीट कायमची.

त्या वर्षी पावसाळ्यात मी त्याच्या जीपची एक्सलेटरची तार बदलली. जुनी पार गंजली होती. नवी घालताना बजावलं, "भाऊ, हिला दर शनिवारी तेल घालत जा. दोन थेंब, पण न चुकता." भाऊने मान हलवली. तो शब्दाचा पक्का माणूस, तेव्हा शनिवार चुकणार नाही याची मला खात्री होती.

पौषात थंडी पडली. आमच्याकडे थंडी म्हणजे काय, तर पहाटे कानाला मफलर आणि दहाला तोच मफलर टोपलीत. त्या पंधरवड्यात एका पहाटे भाऊची जीप चौलच्या वळणाआधी एकदम उधळली. त्याने ती कशीबशी थांबवली. चार दिवसांनी पुन्हा तेच झालं. या वेळी समोरून सायकलवर दूधवाला येत होता, म्हणून भाऊने गाडी वळवली ती थेट एका वाडीच्या कुंपणात घातली. माणसाला कुणाला खरचटलंही नाही. पण दोन पाट्या मांदेली उडून पोफळींच्या बुंध्याशी पसरली. वाडीवाले पक्के शाकाहारी. पुढचे तीन दिवस पंचक्रोशीतली मांजरं त्यांच्याकडे मुक्कामाला होती.

दुसऱ्या दिवशी भाऊचा मुलगा विलास जीप घेऊन गॅरेजला आला. थळला कंपनीत नोकरीला असतो, सरळ मुलगा, बापाची काळजी करणारा. रजा टाकून आला होता. दुपारचा एक वाजलेला, ऊन चांगलंच तापलेलं. मी पेडल दाबून पाहिलं, सोडून पाहिलं. लोण्यात सुरी फिरावी तसं जात-येत होतं. तारेचं टोक तेलाने चकाकत होतं. कुंडलिका नदीच्या पुलापर्यंत चार फेऱ्या मारल्या. जीप गुणी बाळासारखी चालली.

"काका, खरं सांगा," विलास म्हणाला. "गाडीत काही आहे का?"

आणि मी, चाळीस वर्षं पाने फिरवलेला तज्ज्ञ, हात पुसत म्हणालो, "गाडीत काही नाही. गाडीवाल्याकडे बघ. या वयात ब्रेक समजून पाय एक्सलेटरवर पडतो. पुष्कळांचं होतं."

गॅरेजमध्ये तेव्हा आणखी चार गिऱ्हाइकं होती. संध्याकाळपर्यंत ते वाक्य बंदरावर पोचलं. मेस्त्री बोलला म्हणजे बोलला, संपलं. विलासने त्याच रात्री जीपची चावी स्वतःच्या कपाटात ठेवली. जीप विकायचंही बोलायला लागला. आणि त्याचं तरी काय चुकलं? बाप आणि सात-आठ बायका रोज त्या गाडीत बसत होत्या.

दोन दिवसांनी भाऊ चालत माझ्याकडे आला. चालताना मी त्याला कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. बाकावर बसला. चहा मागवला तर नको म्हणाला.

"मेस्त्री, माजा पाय चुकला न्हाय."

"भाऊ, वय होतं रे. आपल्या सगळ्यांचंच होतं."

तो मान खाली घालून आपल्या पायांकडे बराच वेळ पाहत बसला, जसं काही ते दुसऱ्या कुणाचे आहेत. मग उठून गेला. त्यानंतर तो गॅरेजवरून जाणं टाळायला लागला, दुसऱ्या आळीने जायचा. मला वाईट वाटत होतं, पण माझं चुकलंय असं मात्र वाटत नव्हतं. अनुभवी माणसाचा हा एक मोठा रोग असतो.

माझी कानउघाडणी केली हौसाबाईने. आठवड्याभराने ती रिकामी पाटी काखेत मारून गॅरेजमध्ये शिरली आणि बाहेरच्या बाकावर न बसता थेट माझ्यासमोर उभी राहिली. रिक्षावाल्यांनी त्या दिवशी तिच्या पाट्या घ्यायला नकार दिला होता, त्यामुळे आवाज आधीच तापलेला.

"मेस्त्री, तुमी जीप कवा बगितली?"

"दुपारी."

"आनि आमी कवा जातंव?"

"पहाटे."

"मंग? दोनी टायमाला गाडी पहाटंच पिसालली. दहा वाजता आमी परत येतंव, तवा कदी काय झाला न्हाय. भावाचा पाय काय पहाटं म्हातारा होतं आनि दहाला तरना होतं?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण ती थांबायच्या बेतात नव्हती.

"आनि दुसरा सांगतंव. कुंपनात घुसताना भावानं आदी गियर काडला, मंग बिरेक दाबला. मी बाजूला व्हते, माज्या डोल्यांनी बगितला. इंजन नुसता बोंबलत व्हता आनि गाडी रांगत व्हती. जेचा पाय चुकतं तो गियर काडंल काय?"

ती गेली आणि मी तसाच हातात पाना धरून उभा. न्यूट्रल करून ब्रेक दाबून धरायचा, हे त्याला मीच शिकवलं होतं. ज्याचा पाय चुकतो, तो घाबरतो आणि चुकलेला पाय आणखी जोराने दाबतो. गाडी न्यूट्रल करून मग थांबवणाऱ्याचं डोकं आणि पाय दोन्ही जागेवर असतात. एवढी साधी गोष्ट मासळी विकणाऱ्या बाईला कळली आणि मेस्त्रीला कळली नाही. मला स्वतःची लाज वाटली, अगदी खरंखुरं सांगतो.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी मी हत्यारांची पिशवी घेऊन भाऊच्या दारात उभा राहिलो. विलासला हाक मारून चावी घेतली. भाऊ घोंगडी पांघरून ओट्यावर बसला होता. मला पाहूनही उठला नाही. मी जीपमध्ये बसलो, इंजिन चालू न करताच पेडल दाबलं आणि सोडलं.

पेडल खालीच राहिलं.

मग हळूहळू वर यायला लागलं, सासुरवाडीहून निघालेल्या जावयासारखं, मन नसल्यागत. मी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. विलासने बॅटरीचा उजेड धरला, मी तार दोन्हीकडून सोडवून नळीतून बाहेर ओढली. तारेला पांढरं, मेणासारखं काहीतरी लपेटून आलं. बोटावर घेतलं तर बोटाच्या उबेने विरघळलं. नाकाशी नेलं आणि मला अभ्यंगस्नानाची पहाट आठवली.

"भाऊ," मी ओरडलो, "तारेला तेल कुठलं घालतोस?"

भाऊ ओट्यावरूनच म्हणाला, "तू सांगितलंस तो. दर शनवारी. एक शनवार चुकवला न्हाय."

"अरे पण कुठलं?"

"आपल्या वाडीचा. घान्यावरचा सुद्ध खोबरेल. ते बाजारातला कालाभोर मशीनचा तेल कोन घालंल? बापानं रहाटाला जलमभर खोबरेलच घातला, कदी कुरकुरला न्हाय."

रहाटाचं काय, तो बैलाच्या चालीने चालायचा, त्याला कसली घाई? पण बारीक नळीतली तार खोबरेलात बसली आणि पहाटेच्या गारठ्यात खोबरेल थिजलं, की ती जागच्या जागी धरून ठेवली जाणार. इंजिन तापलं, ऊन आलं, की तेल पातळ आणि तार मोकळी. म्हणून दुपारी मला काही सापडलं नाही. म्हणजे आमच्या भाऊने गाडीवर माया केली, घरातलं सर्वांत चांगलं तेल तिला घातलं, आणि तीच माया त्याला भोवली.

एवढ्यात आमच्या मथुरावहिनी, म्हणजे भाऊची बायको, आतून खोबरेलची बाटली घेऊन आल्या. बाटलीतलं तेल पांढरं घट्ट. त्यांनी बाटली उलटी करून दाखवली, थेंब पडेना.

"थंडीत रोज थिजतं हा," त्या म्हणाल्या. "चुलीफुडं धरल्याबिगर माज्या केसाला सुदीक लावता येत न्हाय. तुमा दोगां शान्यांना इचारायचा तरी व्हता मला!"

मला हसू आवरेना. विलासही हसायला लागला. भाऊ हसला नाही. मी नळी रॉकेलने धुतली, कपड्याने कोरडी केली, तारेला इंजिन ऑइल लावून परत बसवली. पेडल टुणकन वर यायला लागलं. विलासने चावी बापापुढे धरली आणि म्हणाला, "बाबा, माझं चुकलं."

भाऊने चावीकडे पाहिलं, पण हात घोंगडीतून बाहेर काढला नाही.

मी पुढे झालो. "विलासचं नाही, माझं चुकलं, भाऊ. तुझा पाय चुकला नव्हता. मी चुकीचं बोललो."

भाऊ आता उठला. मला वाटलं, झालं, मिटलं. तर म्हणाला, "मेस्त्री, तू बोललास ते गॅरेजात चार मान्सांत बोललास, आनि ते अख्ख्या बंदरावर गेला. आता हितं ओट्यावर बोलून कोनाला ऐकू जातं?"

हत्यारांची पिशवी जीपमध्ये टाकून मी म्हटलं, "चल."

आम्ही तिघं जीपने बंदरावर गेलो. विलास चालवत होता, भाऊ बाजूला, मी मागे. नुकतं फटफटलेलं. होड्या लागलेल्या, लिलावाची आरडाओरड चाललेली, बायका पाट्या भरतायत. मी जीपच्या पायरीवर चढलो. आयुष्यात कधी भाषण केलं नव्हतं. गणपतीच्या मंडळात आभार मानायचे असले तरी मी प्रसाद वाटायच्या निमित्ताने सटकायचो.

"ऐका," मी म्हणालो. "जनूभाऊच्या जीपची रेस खरोखरच अडकत होती. तारेत खोबरेल थिजत होतं. ते मला सापडलं नाही. मी दुपारी बघितलं आणि पहाटेचा निकाल दिला. भाऊचा पाय चुकला नव्हता, मेस्त्री चुकला."

मागून हौसाबाईचा आवाज आला, "मेस्त्री, जोरात बोला. बरफाच्या गाडीपातूर ऐकू येत न्हाय."

तिला सगळं ऐकू आलं होतं, हे मी देवाशपथ सांगतो. पण मी दुसऱ्यांदा बोललो, नरडं फाटेस्तोवर. 'मेस्त्री चुकला' या दोन शब्दांवर बायकांनी अशी दाद दिली, की लिलाव दोन मिनिटं थांबला. एक म्हातारी म्हणाली, "खोबरेल आमाला न्हाय मिलत डोक्याला, आनि भाव गाडीला चोपडतं!" तेव्हा कुठे भाऊच्या मिशीखाली काहीतरी हललं.

त्याने विलासपुढे हात केला. विलासने चावी दिली. भाऊ ड्रायव्हरच्या जागेवर बसला, हौसाबाई आपल्या सीटवर. बाकीच्या बायका मागे चढल्या, पाट्या चढल्या. मी निरोप घ्यायला पुढे गेलो तर भाऊ म्हणाला, "कुटं चाललास? मागं चड."

"अरे, गॅरेज उघडायचंय."

"उगडशील दहाला. मागं चड."

चढलो. कोलंबीच्या दोन पाट्यांमध्ये जेमतेम टेकायला जागा मिळाली. बर्फाचं पाणी झिरपून पाच मिनिटांत माझी पँट गार झाली. बायका मला पाहून खुदुखुदु हसत होत्या, कुणीतरी तर एक कोलंबी मुद्दाम माझ्या खिशात टाकली. चौलचं वळण आलं तशी प्रत्येकीने आपली पाटी घट्ट धरली. मी खोटं कशाला सांगू, माझाही जीव मुठीत होता. तार मीच बसवली होती ना! भाऊने पाय उचलला, इंजिनाचा आवाज तिथल्या तिथे खाली आला, आणि जीप वळणावरून अशी अलगद गेली, की हौसाबाईची तळहातावर मळलेली तंबाखूसुद्धा हलली नाही.

वळण संपलं. भाऊने मागे न पाहता आवाज दिला.

"मेस्त्री, तितनं माजा पाय दिसतं काय?"

मी दोन डोक्यांमधून वाकून पाहिलं. "दिसतोय, भाऊ."

"मंग बगत बस अलिबागपातूर."